क्षारपड रानात हरळी तगते, लसूणघास का मरतो?

सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या क्षारपड रानात एक दृश्य नेहमी दिसते. ऊस आधी पिवळा पडतो, मग लसूणघास विरळ होतो आणि शेवटी पांढरी पापुद्रा धरलेल्या जमिनीवर हरळी तेवढी हिरवी राहते. जमीन तीच, पाणी तेच. फरक आहे जनुकांचा.

आकडे काय सांगतात?

मातीचा खारटपणा तिच्या अर्काच्या विद्युत वाहकतेवरून मोजतात. हा आकडा ४ च्या पुढे गेला की जमीन क्षारयुक्त मानली जाते. लसूणघासाचे उत्पादन मात्र २ च्या पुढेच घटू लागते आणि नंतरच्या प्रत्येक एककामागे सुमारे ७ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे जमीन कागदावर 'खराब' ठरेपर्यंत वैरण सुमारे १५ टक्क्यांनी घटलेली असते. हरळी मात्र जवळपास ७ पर्यंत तग धरते.

रोप मिठाशी कसे लढते?

खारट मातीत मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि पाण्याबरोबर सोडियम आत शिरतो. त्यावर रोपाकडे मुख्यतः तीन उपाय असतात. एक, मुळातूनच सोडियम बाहेर ढकलणे. दोन, पानाकडे निघालेला सोडियम वाटेतच अडवणे. 'एचकेटी' गटातील काही जनुके हे काम करतात. तीन, पेशीतल्या पोकळीत मीठ कोंडून ठेवणे; त्यासाठी 'एनएचएक्स' जनुके आहेत. हरळी आणखी पुढे जाते. पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतून ती मीठ बाहेर टाकते.

'एचकेटी'चा उपयोग गव्हात सिद्ध झाला आहे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी एका जुन्या गव्हातील असे जनुक साध्या संकरातून ड्युरम गव्हात आणले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचण्यांत खारट जमिनीवरील उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढले.

मग वैरणीत अडचण काय?

पहिली अडचण लसूणघासाच्या घडणीत आहे. त्यात गुणसूत्रांचे दोन नव्हे, चार संच असतात. परागीभवन मधमाश्यांमार्फत, तेही परक्या रोपाशी. त्यामुळे एकाच पिशवीतले प्रत्येक बी वेगळे. शिवाय क्षार सोसण्याचा गुण एका जनुकावर अवलंबून नाही. निवडलेला गुण पुढच्या पिढ्यांत टिकवणे म्हणूनच किचकट ठरते.

दुसरी अडचण अधिक महत्त्वाची आहे आणि तिची चर्चा कमी होते. गव्हाचा आपण दाणा खातो. वैरणीचे जनावर पानच खाते. पानात मीठ साठवून जगणारे रोप शेतात हिरवेगार दिसेल, पण तेच मीठ गाई-म्हशीच्या पोटात जाईल. खारट पाला जास्त झाला की जनावर पाणी जास्त पिते आणि खाणे कमी करते. त्यामुळे वैरणीचे वाण निवडताना 'किती टिकले' एवढेच पाहून चालणार नाही. पानात मीठ किती, जनावराने खाल्ले किती आणि दुधावर परिणाम काय, हेही तपासले पाहिजे. माझ्या मते मीठ पानापर्यंत पोहोचूच न देणाऱ्या जनुकांना इथे पहिली पसंती हवी.

आणखी एक गोष्ट. लसूणघास वर्षानुवर्षे कापला जातो. कुंडीत उगवण चांगली झाली म्हणून वाण सहनशील ठरत नाही; तिसऱ्या उन्हाळ्यात तो किती फुटतो, ही खरी परीक्षा आहे.

वाण हा निचऱ्याला पर्याय नाही

देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे काम १९६९ पासून सुरू आहे. भात-गव्हाइतकेच लक्ष आता वैरणीकडे द्यायला हवे, कारण ऊस गेलेल्या रानावर दोन जनावरांचा गोठा हाच अनेक घरांचा आधार उरतो. मात्र सहनशील वाण आले म्हणून पाटाने पाणी सोडत राहिलो, तर क्षार वाढतच जातील आणि तेही वाण हरेल. चर काढणे, भूमिगत निचरा आणि मोजून पाणी हे औषध. नवे वाण म्हणजे ते लागू पडेपर्यंत गोठा चालता ठेवणारा आधार. दोन्ही एकदमच हवेत.