जाफर गेटचा रविवार आणि उपजत नजर

छत्रपती संभाजीनगरात रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींच्या गप्पांत एक मत हमखास निघते: नजर उपजतच असावी लागते. ती असेल तर गुलमंडीच्या गर्दीतही फोटो सापडतो, नसेल तर लाखाचा कॅमेरा घेऊनही माणूस कोराच परततो. लगेच त्याला जोडून दुसरे मत येते, की फोटोची चिरफाड करू नये, त्याने सहजता जाते. दोन्ही मते ऐकायला गोड आहेत आणि दोन्ही नवशिक्याचे नुकसान करतात.

पहिल्या मताच्या बाजूने व्हिवियन मायरचा दाखला दिला जातो. शिकागोत लोकांची मुले सांभाळणारी ही बाई. तिने आपले फोटो फारसे कुणाला दाखवले नाहीत. 2007 साली तिच्या निगेटिव्ह लिलावात निघाल्या आणि पुढे जग थक्क झाले. पण त्या निगेटिव्ह मोजल्या तर लाखाच्या वर भरतात! वर्षानुवर्षे गळ्यात कॅमेरा अडकवून पायपीट करणाऱ्या बाईला उपजत नजरेचा पुरावा ठरवणे म्हणजे तिच्या कष्टांवर पाणी फिरवणे होय. शिवाय आज आपण पाहतो त्या फोटोंपैकी बहुतेकांची निवड 2009 मध्ये ती वारल्यावर इतरांनी केली. त्या ढिगातले तिला स्वतःला कोणते पसंत होते, हे आता कोण सांगणार?

रॉबर्ट फ्रँकने ही निवड स्वतः केली. 1955-56 मध्ये अमेरिका पालथी घालून त्याने सुमारे 27,000 फोटो काढले. त्यांतल्या हजारेकांच्या कच्च्या प्रिंट काढल्या, त्या भिंतीवर टाचल्या, जमिनीवर पसरल्या. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात शेवटी आले 83. साधारण सव्वातीनशे फोटोंमागे एक. वॉकर इव्हान्ससारखा ज्येष्ठ छायाचित्रकार त्याच्या पाठीशी होता, हेही विसरून चालणार नाही.

चर्चेने सहजता जाते म्हणणाऱ्यांनी आपल्याच मातीतले उदाहरण पाहावे. मुंबईत 1854 साली ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ उभी राहिली. छायाचित्रणाची कला जगापुढे येऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या सोसायटीत होते. नारायण दाजी स्वतः कॅमेरा चालवीत. सभासद जमत, चित्रे मांडत, पद्धतींवर बोलत. या देशात छायाचित्रण रुजले ते असे चारचौघांत.

आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे नाही. चौकटीचे तीन भाग पाडून ‘माणूस रेषेवर नाही’ एवढेच सांगणारा टीकाकार खरोखरच नजर मारतो. त्याच्या हाताखालचे सगळे फोटो एका साच्यातून काढल्यासारखे दिसू लागतात. मात्र ‘अप्रतिम!’, ‘जबरदस्त!’ एवढ्यावर थांबणारा मित्रही तितकाच निरुपयोगी. त्याच्याकडून शिकायला मिळत नाही काहीच.

कामाची टीका कशी असते? जाफर गेटचा रविवारचा आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणावा. खाली अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीवर जुनी कुलुपे, पाने, नळाच्या तोट्या मांडल्या आहेत. मागे बसलेला विक्रेता एक कुलूप हातात घेऊन उजेडात धरतो. फोटो टिपला जातो. घरी येऊन पाहावे तर कुलूप गायब. काळे कुलूप, मागे काळा शर्ट, आणि डोक्यातून उगवल्यासारखा विजेचा खांब. ‘जमला नाही’ म्हणणाऱ्याने काहीच दिले नाही. ‘दोन पावले डावीकडे सरकून फोटो उभ्याने, वरून घेतला असता, तर खांब सुटला असता आणि कुलपामागे ताडपत्रीचा निळा रंग आला असता,’ असे सांगणाऱ्याने पुढचा रविवार दिला.

आणि तो रविवार गाठलाच पाहिजे. तेच गेट, तोच बाजार, तीच वेळ. पहिल्या फेरीत विक्रेते कॅमेऱ्याकडे पाहून आखडतात, मुले पोझ देतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत फोटोवाला ओळखीचा होतो आणि लोक आपापल्या घासाघिशीकडे वळतात. ऊन कोणत्या पालाखाली किती वाजता शिरते, हे पायांनाच कळू लागते. सहजता म्हणतात ती इथून येते. दर आठवड्याला नवे ठिकाण शोधत आज मकबरा, उद्या पाणचक्की, परवा शहागंज अशी धावाधाव करणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही.

महिनाभराच्या फोटोंतून दहा निवडावेत, त्यांच्या प्रिंट टेबलावर मांडाव्यात आणि काढणाऱ्याने पहिली दहा मिनिटे तोंड उघडू नये. खुलासा करावा लागला, तर तेवढे त्या फोटोत आलेले नाही. त्यांतली एक प्रिंट पुढच्या रविवारी त्या कुलूपवाल्याच्या हातात द्यावी. कुलूप नीट दिसते की नाही, हे तो क्षणात सांगेल.