श्रद्धा म्हणजे बुद्धी गहाण टाकणे नव्हे

ज्याला विचार करण्याचे कष्ट नकोत तो पवित्र शास्त्र उघडून बसतो, असे आमच्या भागातले शिकलेले लोक म्हणतात. लातूर आणि नांदेड ही बुद्धीची कदर करणारी शहरे आहेत. सगळ्या मराठवाड्यातून पोरे बारावीसाठी, नीटसाठी इथे येतात, आईबाप त्यासाठी कर्ज काढतात, 'लातूर पॅटर्न' हे नाव तर राज्यभर गेले. अशा ठिकाणी एखादा ख्रिस्ती माणूस म्हणाला की मी शहाणपण शास्त्रात शोधतो, तर समोरच्याला त्याची कीव येते. आणि चर्चच्या आत गेले तर काय ऐकू येते? 'डोके चालवू नका, फक्त विश्वास ठेवा.' हे दोन पक्ष एकमेकांना विरोधक मानतात. मूळ मुद्द्यावर मात्र त्यांचे एकमत आहे: श्रद्धा आणि विचार एका घरात नांदत नाहीत. माझा वाद या एकमताशी आहे, आणि माझा मुख्य साक्षीदार शास्त्रच आहे.

बाहेरच्यांचा आक्षेप आधी घेऊ, कारण त्यात खरे बरेच आहे. देवाच्या नावाने गरिबाला फसवणारे सगळ्या धर्मांत आहेत, आमच्यातही आहेत. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून 'गोळ्या बंद कर, तुझा विश्वास कमी पडतोय' असे सांगणारा माणूस गुन्हाच करत असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्येच झाला. तो कायदा ख्रिस्ती माणसालाही हवा असला पाहिजे. रोग्याला वैद्याची गरज असते, हे येशूने गृहीत धरले आहे. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. मिरजेत विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला तो प्रार्थना सोडून नव्हे, प्रार्थना करत. इथवर आक्षेप मान्य. पण यावरून शास्त्रच डोळे मिटायला शिकवते असा निष्कर्ष जे काढतात, त्यांनी ते वाचलेले नाही.

३० सप्टेंबर १९९३ घ्या. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, माणसे थकून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीच्या आसपासची जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. अशा संकटानंतर एक प्रश्न हमखास उठतो: यांनी असे काय पाप केले होते? तो प्रश्न कधी सहानुभूतीने विचारला जातो, कधी शहाजोगपणाने. लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आला आहे. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा जण मेले होते. ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक दोषी होते काय, असे येशू स्वतःच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मग तो मेलेल्यांना सोडून ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि तुम्ही पालटा म्हणून बजावतो. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप याने केले की याच्या आईबापांनी? तिथेही उत्तर तेच: कोणीही नाही.

आता सांगा, यात आंधळेपणा कुठे आहे? मेलेल्यांवर ठपका ठेवण्याचे दार एकदा बंद झाले की नजर भिंतीकडे जाते. किल्लारी परिसरात माणसे मारली ती माळवदाच्या घरांनी. जाड दगडी भिंती, दगड धरून ठेवायला नुसती माती, आणि उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून वर मातीचा जड थर. 'देवाचा कोप' म्हणून जो थांबला त्याला ही भिंत कधीच दिसणार नाही. लूकचा तेरावा अध्याय ज्याच्या अंगी मुरला आहे, त्याला ती पाहावीच लागते, कारण प्रश्न आता जिवंतांच्या वागण्याचा उरतो: पुढचे घर कसे बांधणार, शेजाऱ्याचे घर बांधायला हात देणार की नाही.

ईयोबाचे पुस्तक तर सबंध या ठपका ठेवण्याच्या वृत्तीविरुद्धच आहे. मुलेबाळे, गुरेढोरे, शरीर, सगळे गेलेल्या माणसापुढे तीन मित्र बसतात. पहिले सात दिवस ते गप्प बसले, आणि तेवढेच त्यांनी बरोबर केले. तोंड उघडल्यावर ते देवाची बाजू मांडू लागले: तू पाप केले असशील, कबूल कर. त्यांची वाक्ये भक्तिभावाने भरलेली आहेत, आज कुठल्याही व्यासपीठावर खपतील. आणि शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. ज्याने देवाशी भांडण मांडले, जाब विचारला, त्याला देव म्हणतो की हा माझ्याविषयी नीट बोलला. विचारणाऱ्याला बरोबर आणि न विचारता देवाची वकिली करणाऱ्यांना चूक ठरवणारे पुस्तक आमच्या शास्त्रात आहे. 'डोके चालवू नका' म्हणणाऱ्या पाळकाने ते मंडळीपुढे उघडावे.

दुष्काळाकडे येऊ. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. त्या उन्हाळ्यात पावसासाठी प्रार्थना कुणी केली नसेल? मीही केली, आणि ती व्यर्थ होती असे मी म्हणणार नाही. पण उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात दुष्काळावर देवाने दिलेले शहाणपण कसे दिसते ते पाहा. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना योसेफ आधी म्हणतो की हे माझ्या बळावर नाही, उत्तर देव देईल. ही झाली श्रद्धा. लगेच पुढे तो कारभार सांगतो: सुकाळाची सात वर्षे पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवा, शहरोशहरी कोठारे भरा, त्यावर माणसे नेमा. आणि हे ऐकून फारो म्हणतो की याच्याइतका शहाणा दुसरा नाही. देवाचा आत्मा ज्याच्यात आहे तो माणूस धान्याचा हिशेब मांडतो! आम्ही मात्र पाणी आले त्या वर्षी ऊस लावला, नाही आले त्या वर्षी उपास-प्रार्थना ठेवली, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडला नाही. ज्या मंडळीत शेतकरी, शेतमजूर, बोअर पाडणारे आणि बँकेत काम करणारे एका बाकावर बसतात, तिथे योसेफाची गोष्ट लहान मुलांच्या संडे स्कूलपुरतीच का राहावी?

घरातल्या दोषांवर थोडे अधिक कडक बोलतो, कारण ते घरातले आहेत. ३१ डिसेंबरच्या रात्री वचनांच्या चिठ्ठ्या काढायची चाल अनेक मंडळ्यांत आहे. ताटातून कार्ड उचलायचे आणि त्यावरचे वचन हे आपले वर्षभराचे वचन मानायचे. त्यातली प्रेमळ भावना मी जाणतो. म्हाताऱ्या बाया ते कार्ड जपून ठेवतात, आजारपणात उशाशी घेतात. पण त्या ताटात ईयोबाची तक्रार कधी नसते, आमोसाचा शाप नसतो, गरिबाची मजुरी अडवणाऱ्याला याकोबाने दिलेला इशारा नसतो. असतात ती फक्त आशीर्वादाची अर्धी वाक्ये. मागचेपुढचे तोडून हवे तेवढे वचन उचलायचे, हे तर येशूची परीक्षा घेताना सैतानानेही केले. मत्तयाने ते नोंदवून ठेवले आहे. आणि येशूने त्याला शास्त्रानेच उत्तर दिले, सबंध शास्त्र ध्यानात ठेवून.

दुसरा दोष पाळकाच्या शब्दाला शास्त्र समजण्याचा. 'अभिषिक्ताला प्रश्न विचारू नये' असे मंचावरून सांगितले जाते. बिरुया गावच्या लोकांनी तर साक्षात पौलाचे बोलणे रोज शास्त्र उघडून ताडून पाहिले, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांची स्तुती आहे, कानउघाडणी नाही. शलमोनाहून मोठा अभिषिक्त कोण? त्याने धन, दीर्घायुष्य मागितले नाही, न्याय करण्यासाठी समंजस मन मागितले. त्याचा पहिला निवाडा दोन वेश्यांमधला, ज्यांना दरबारात उभे कोण करणार? तोच शलमोन पुढे वेठबिगारी लादतो, परक्या दैवतांमागे जातो, आणि त्याचा मुलगा लोकांचे जू हलके करायला नकार देऊन राज्य फोडतो. शास्त्राने हे झाकलेले नाही. मिळालेले शहाणपण हरवू शकते, सिंहासनावर बसलेल्याचेसुद्धा, हे ज्या ग्रंथात लिहिले आहे त्या ग्रंथाच्या नावाने कुणालाही प्रश्नांपलीकडे नेऊन ठेवता येत नाही.

'पुस्तकच परके, त्यातून इथल्या माणसाला काय मिळणार' या आक्षेपावर फार वेळ घालवत नाही. ग्रंथ गुरू होऊ शकतो हे नांदेडला तरी शिकवायला नको. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिले ते गोदाकाठच्या याच गावी. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत १६१६ सालीच छापून आली, फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे आले ते तुकारामाचा हात न सोडता, आणि तसे त्यांनी स्वतःच सांगितले.

पण या सगळ्यांत मला पंडिता रमाबाई आठवतात. संस्कृत शास्त्रे कोळून प्यायलेली ही बाई १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेते, आणि लगेच तिच्यावर दडपण येते की आता चर्च सांगेल ते मुकाट्याने मान. इथल्या पुरोहितांचे जू आत्ताच कष्टाने उतरवले आहे, दुसरे तसलेच मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचे उत्तर तिने तिथल्या मठातल्या जोगिणींना लिहिले. श्रद्धा सोडली का? नाही. ती आणखी खोल गेली. केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना सांभाळता सांभाळता तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि सबंध बायबल मुळातून मराठीत आणले, साध्या बायकांना कळावे म्हणून. छपाईच्या कामात त्या मुलीच होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी ती गेली. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. श्रद्धेने बुद्धी मरते म्हणणाऱ्याने या बाईचे काय करायचे ते सांगावे.

मराठवाड्यातल्या आमच्या बहुतेक घरांची गोष्ट याहून वेगळी नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षराजवळ फिरकू दिले नव्हते, त्यांच्या घरात आलेले पहिले पुस्तक शास्त्र होते, आणि ते वाचण्यासाठी त्या अक्षरे शिकल्या. ज्या पुस्तकाने वाचायला लावले तेच पुस्तक विचार थांबवते असे आम्हाला सांगू नका. आणि त्यांच्या नातवंडांनो, त्या आज्यांनी कमावलेले वाचन तुम्ही चिठ्ठीवर आणून ठेवू नका.

एक शंका उरते, आणि ती प्रामाणिक आहे. बुद्धीनेच वाचायचे तर श्रद्धेचे काम काय? याकोब म्हणतो, ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, तो दोष न लावता देतो. मागण्यासाठी आधी आपल्याकडे नाही हे कबूल करावे लागते. गुणपत्रिकेवर पोसलेल्या बुद्धीला हेच जमत नाही. ईयोब भांडू शकला कारण ऐकणारा कोणी आहे असा त्याचा भरवसा होता. ज्याचा ऐकणाऱ्यावर भरवसा नाही तो तक्रारही करत नाही, गप्प होतो किंवा कडवट होतो. श्रद्धा प्रश्नाला बळ देते, आणि उत्तर आवडले नाही तरी त्यापुढे उभे राहायला लावते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि हरित वसईसाठी, तिथल्या विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी ते रस्त्यावरही आले. २०२० च्या जानेवारीत आमच्या शेजारी उस्मानाबादला ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला. त्यांचे शास्त्रवाचन आणि त्यांचे पाण्यासाठीचे भांडण वेगळे काढता येत नाही, हे विरोध करणाऱ्यांनी पाहिलेच नाही.

लातूर-नांदेडच्या मंडळ्यांना माझी विनंती आहे. रविवारच्या उपासनेनंतर एक तास राखून ठेवा. पाळकांनी त्या तासाला खाली, मंडळीत बसावे. ईयोबापासून सुरुवात करा, एका बैठकीला एक अध्याय, काहीही न गाळता. आणि पहिला प्रश्न बायकांना विचारू द्या.