डोंगर आमचा, दौलत कोणाची ?

हल्लीं खाणींची तारीफ करण्याची एक तऱ्हाच पडून गेली आहे. चंद्रपूरचा दगडी कोळसा, वणीचा दगडी कोळसा यांचें नांव निघालें कीं सभेंतला वक्ता लागलीच सांगूं लागतो कीं, मागासलेल्या मुलखाचें दैव उघडलें. कोळशावर वीज, विजेवर कारखाने, कारखान्यांवर हजारोंचीं पोटें, अशी शिडी तो श्रोत्यांपुढें उभी करतो. आमच्या भंडारा जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी नाहींत. पण तुमसर तालुक्यांत मँगनीज आहे, आणि तें काढण्याचा धंदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे. शिडी खरी असेल तर एवढ्या अवधींत आमचा तालुका तिच्या वरच्या पायरीवर जाऊन बसावयास पाहिजे होता. तो कोठें बसला आहे, हें एकदां पाहूं या.

मध्यप्रांतांतील मँगनीज धुंडाळणारी गोऱ्यांची मंडळी 1896 सालीं निघाली, व पुढें तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. पहिल्या महायुद्धापूर्वीं मँगनीज काढण्यांत हिंदुस्थान रशियाच्या तोडीस तोड होता, व त्यांत ह्या प्रांताचा वाटा फार मोठा होता. हा दगड फोडला कोणीं ? ठेकेदाराच्या हाताखालीं राबणाऱ्या गोरगरीब बायाबापड्यांनीं. डोक्यावर पाट्या वाहिल्या त्यांनीं, नफा गेला विलायतेस. फर्मर नांवाच्या सरकारी भूगर्भशास्त्रज्ञानें ह्या मँगनीजच्या खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असें नांव दिलें. दगडास गोंडाचें नांव मिळालें, गोंडास मात्र दगडाचें मोल मिळालें नाहीं !

यावर आम्हांस उत्तर देण्यांत येतें कीं, तो काळ गेला. 1962 सालीं सरकारनें मँगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची ‘मॉयल’, स्थापिली. 1977 सालीं विलायती कंपनीचा उरलेला हिस्साही घेतला. सबब खाण आतां लोकांची आहे. ज्याचें श्रेय त्यास द्यावें. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील कायम कामगारास बांधलेला पगार, राहावयास घर व पुढें फंड मिळतो, आणि त्या पगारावर कित्येक पोरें शिकलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. खाण बंद करा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. पण खाण सरकारची झाली म्हणजे ती डोंगराखालच्या माणसाची झाली, हें आम्हांस कबूल नाहीं. कंपनीची कचेरी नागपुरास आहे, 2010 सालापासून तिचे भाग मुंबईच्या बाजारांत विकले जातात, आणि खाणीच्या शेजारचा गांवकरी ठेकेदाराच्या हजेरीपटावर आपलें नांव लागतें कीं नाहीं, याची वाट पाहत बसतो.

मँगनीजवांचून पोलाद होत नाहीं. कच्च्या दगडाला जें मोल, त्याहून भट्टींतून निघालेल्या फेरोमँगनीजला अधिक, व पोलादाला त्याहून अधिक. म्हणजे पैसा दगड खणण्यांत थोडा व दगड शिजविण्यांत फार. डोंगरीस बॅटरीच्या सेलांत लागणारा मसाला करण्याचा एक कारखाना आहे खरा. परंतु एका झाडानें आमराई होत नाहीं. तुमसरजवळचा फेरोमँगनीजचा मोठा कारखाना वर्षानुवर्षें थंड पडून राहिला. माल वाघिणींत भरून जातो, आणि धूळ तेवढी आमच्या वांट्यास येते. धान मातीमोल विकून तोच तांदूळ दुकानांतून विकत आणणारा शेतकरी आम्हीं भंडाऱ्यांत पुष्कळ पाहिला आहे. खाणीच्या बाबतींत सगळ्या तालुक्याचीच ती गत झाली आहे.

आणि धूळ ही कांहीं साधी वस्तु नव्हे. मँगनीजची भुकटी वर्षानुवर्षें छातींत गेली तर हातपाय कांपतात, चाल बिघडते, वाचा अडखळते. ग्लासगोच्या एका वैद्यानें हें 1837 सालीं लिहून ठेविलें. कायम कामगाराची तपासणी होते. ठेका संपल्यावर घरीं गेलेल्याची कोण करतो? डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असतां 1944 सालीं कोळसा खाणींच्या व 1946 सालीं अभ्रक खाणींच्या कामगारांसाठीं कल्याण फंड निघाले. मँगनीजच्या कामगारासाठीं तसा कायदा होण्यास 1976 साल उजाडलें. ज्या भंडाऱ्यानें 1954 च्या पोटनिवडणुकींत त्याच बाबासाहेबांस पाडिलें, त्या भंडाऱ्यानें आपला कैवारी कोण हें वेळीं न ओळखण्याचें फळ काय, याचा विचार करावा.

आतां कायदा काय देतो तें ऐका. 2015 च्या दुरुस्तीनें प्रत्येक खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलें. 12 जानेवारी 2015 पूर्वींच्या पट्टेदारानें रॉयल्टीच्या शेंकडा 30 इतकी रक्कम त्यांत भरावयाची. तिच्यांतील शेंकडा 60 तरी पिण्याचें पाणी, दवाखाना, शाळा अशा निकडीच्या कामांवर खर्चावी, असा नियम होता. 2024 पासून तो आंकडा 70 केला आहे. हा पैसा भीक नव्हे. ज्यांच्या पायाखालची जमीन पोखरली त्यांचा तो हक्क आहे. मग तो मुख्यत्वें खाणीच्या गांवांतच खर्च झाला पाहिजे, लांबच्या पुढाऱ्याच्या कमानीवर नव्हे. बांधवहो, गेल्या पांच वर्षांत तुमच्या गांवाच्या नांवें किती रक्कम पडली, हें तुमच्यापैकीं कितीजणांस ठाऊक आहे ? हिशेब न विचारणारा धनी आपल्याच घरांत चाकर होतो.

दगड कांहीं दरसालच्या पिकासारखा पुन्हा उगवत नाहीं. वरोऱ्याची सरकारी कोळशाची खाण 1906 सालीं बंद पडली. डोंगरीची व चिखल्याचीही एक दिवस पडेल. त्या दिवशीं खड्डा तेवढा आमचा राहील. म्हणून आमचें सांगणें आजच आहे. प्रतिष्ठानाचा हिशेब मराठींत, गांववार, ग्रामसभेंत वाचला जावा. ठेक्याच्या मजुराचीही छाती तपासली जावी, व त्याचा कागद त्याच्या हातीं द्यावा. तुमसरास खाणकामाचें व भट्टीचें शिक्षण देणारी शाळा निघावी, म्हणजे आमचीं पोरें पाट्या वाहणारीं न राहतां तेथलीं ओव्हरमन व इंजिनियर होतील. आणि दगड बाहेर जाण्याआधीं त्याची भट्टी येथेंच पेटावी.

हें कोणी आपण होऊन देणार नाहीं. येत्या ग्रामसभेस गोबरवाहीपासून डोंगरीपर्यंतच्या प्रत्येक गांवानें एकच प्रश्न लेखी विचारावा: आमच्या डोंगराचे पैसे कोठें आहेत ? आणि उत्तर येईपर्यंत जागेवरून उठूं नये.