काचेतला समुद्र आणि विहिरीचं पाणी

मैत्रिणींनो, कोणाच्या घरात काय येऊन बसेल याचा नेम नाही. आमच्या जामनेरच्या घरात तर चक्क समुद्र आला! मुंबई इथून रस्त्याने चारशे किलोमीटर; पण कॉलेजसाठी आमच्याकडे राहिलेल्या भाच्याने हट्टाने बैठकीत तीन फुटी टाकी मांडली, खारं पाणी केलं, खडक रचले आणि केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशची जोडी सोडली. त्याला जिवंत प्रवाळही हवे होते. तिथे मात्र मी मामीचा अधिकार वापरला. आपल्या समुद्रातले प्रवाळ काढणं, विकणं, घरात बाळगणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे; २००१ पासून ते वाघाच्याच यादीत आहेत. मालवणचे प्रवाळ मालवणलाच शोभतात!

पुढे भाचा पुण्याला गेला आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. जाताना म्हणाला, "मामी, मासे बोलत नाहीत. पाणी तपासत जा, तेच सांगेल." मला वाटलं, हे काही आपलं काम नव्हे. पण ज्या बाईला पाकाची तार कळते, तिला हे अवघड नाही.

पहिली गोष्ट खारेपणा. दूध डेअरीत लॅक्टोमीटर बुडवतात ना, त्याचाच भाऊ म्हणजे हायड्रोमीटर. तो १.०२५ च्या आसपास दिसला की पाणी समुद्रासारखं, म्हणजे किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. आपल्या खानदेशी उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर आटतं, क्षार मात्र मागे राहतात. आमटी आटली की खारट होते, तसंच. म्हणून आटलेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्याने करावी, खाऱ्याने नव्हे. आणि स्वयंपाकाचं मीठ टाकीत चालत नाही. समुद्री क्षारांचं तयार मिश्रणच हवं.

दुसरी, अमोनिया आणि नायट्राइट. माशांची घाण आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो. उपयोगी जिवाणू त्याचा आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन्ही विषारीच, दोन्हींचा आकडा शून्य हवा. दह्याचं विरजण रात्रीत लागतं. या जिवाणूंचं विरजण लागायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर माशांची घाई करू नये. गाळणीतला स्पंज नळाखाली धुऊ नये, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे जिवाणू मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो खळबळून घ्यावा.

तिसरा पीएच. तो ८.१ ते ८.४ बरा. पाणी जितकं गरम आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनिया घातक. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वैशाखात वीज गेली की म्हणूनच जीव टांगणीला लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असू द्यावा.

चौथा नायट्रेट, आणि खरी गोष्ट इथेच आहे.

आरओ यंत्रातून किती पाणी वाया जातं, हे पाहून मी काटकसर केली. टाकीचं पाणी बदलताना घरच्या विहिरीचं गाळलेलं पाणी घेऊ लागले. दोन आठवडे पाणी बदललं, तरी नायट्रेटचा रंग लालभडकच! शेवटी सुचलं, की टाकीत घालायचं पाणी तरी तपासावं. गोड्या पाण्याच्या तक्त्याशी रंग ताडून पाहिला. विहिरीचं नुसतं पाणी तितकंच लाल!

आणि मला धस्स झालं. सुनेला दूध कमी, म्हणून तीन महिन्यांच्या नातवाला वरचं दूध होतं. डब्यातली पावडर आम्ही याच विहिरीच्या पाण्यात कालवत होतो. पाणी चांगलं उकळून घेतो म्हणून निर्धास्त होतो. पण बायांनो, उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते दाटच होतं. तुरटीने, क्लोरीनने, साध्या कँडलच्या फिल्टरने जात नाही. आरओने बरंच कमी होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते, बाळ निळसर दिसू लागतं.

त्याच दिवशी पाणी बदललं, बाळाला डॉक्टरांना दाखवलं. देवाच्या दयेने ठणठणीत होता. विहिरीचा नमुना जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत दिला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आमचं त्याहून जास्त निघालं. एका बाजूला खताचा उकिरडा, दुसऱ्या बाजूला शोषखड्डा, पलीकडे युरिया खाणारं शेत. दोष कुणाला द्यायचा? पाण्याला ना रंग बदलला होता, ना चव, ना वास.

तपासताना एवढं सांभाळा. नळी आधी त्याच पाण्याने विसळावी. पाणी खुणेपर्यंत, डोळ्यासमोर धरून भरावं. नायट्रेटची बाटली जोरात हलवावी, नाहीतर आकडा खोटा कमी येतो. वेळ घड्याळ लावून मोजावी. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर पाहावा. औषधाची मुदत बघावी. आकडा तारखेसह वहीत लिहावा.

आणि हे लक्षात असू द्या : माशांच्या टाकीचं किट फक्त इशारा देतं. पिण्याच्या पाण्याचा निवाडा प्रयोगशाळेनेच करावा. विहीर किंवा बोअर असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर, असं वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्या. गावात नळयोजना असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या बायकांना पाणी तपासायला शिकवलं आहे. घरात तान्हं बाळ येणार असेल, तर बाळंतविड्याच्या तयारीत हेही काम लिहून ठेवा.

आमची जोडी मजेत आहे, नातू आता टाकीपुढे रांगत जाऊन बोटं लावतो. तुमच्या विहिरीचं पाणी काय म्हणतं, ते तपासून जरूर कळवा.