आधी कोन बघा, मग बॅलन्सिंग

उंबरमाळीकडच्या दगडधोंड्यांच्या वाटांसाठी जुन्या जीपला जादा पाटे टाकून उंच करतात. मग ४०-५० च्या स्पीडला खालून गुरगुर सुरू होते आणि सल्ला मिळतो, प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स करा. माझं म्हणणं, आधी क्रॉस सैल नाही ना ते हलवून बघा, मग कोन बघा. बॅलन्सिंग शेवटी.

रोटाव्हेटर चालू ठेवून जास्त उचलला की पीटीओ शाफ्ट खडखडतो ना? तेच इथं होतं. क्रॉस तिरका चालला की शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद, दोनदा सावकाश फिरतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि शाफ्टचे योक एका ओळीत असले, तरच हा हिसका मिटतो. म्हणून स्लिप जॉइंट सोडवण्याआधी खूण करा. डिफरन्शियलचं तोंड वर-खाली वळलं असेल तर पाटे आणि एक्सलमध्ये लोखंडी पाचर बसवतात. कोनच फार मोठा असेल, तर वाढवलेला पाटा काढलेला बरा.

दुर्लक्ष नको. जुन्या विलीज घडणीच्या जीपचा हातब्रेक ट्रान्सफर केसमागे असतो. उतारावर मागचा शाफ्ट तुटला, तर मागच्या चाकांना तो ब्रेकही उरत नाही.