उघड्या पाठीचे हेडफोन

नंदाखालच्या आमच्या घरात पिढ्या तीन आणि बैठकीची खोली एक. संध्याकाळची रोझरी आटोपली की आजीची मालिका आणि पुतण्याचं क्रिकेट यांच्यात रिमोटची ओढाताण. त्यात मला किशोरीताईंचा भूप हवा, तोही मागच्या तानपुऱ्यासकट. म्हणून जाणकारांचं ऐकून उघड्या पाठीचे हेडफोन आणले. काय मोकळा स्वर, जणू ओसरीवर मैफल! पण त्यांच्या जाळीतून आवाज बाहेरही सांडतो, हे पहिल्याच रात्री कळलं. ‘अगं, जरा मोठ्यानं तरी लाव, अर्धवट ऐकू येतंय,’ आजी अंधारातून म्हणाली. तेव्हा भरल्या घरात बंद पाठीचेच घ्यावेत, बाकी चर्चा व्यर्थ. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून स्टुडिओत राबतोय. तार आहे, म्हणून चार्जिंगची कटकट नाही. कानावर गादी नीट बसली की बाहेरचा गलका दबतो आणि आवाज चढवावा लागत नाही. (जागतिक आरोग्य संघटना सांगते, आवाज ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकणं सुरक्षित.) चष्मेवाल्यांनी मात्र चष्म्यासकट घालून पाहावेत, दांडीच्या फटीतून खर्ज निसटतो. जेवणाची हाक ऐकू येत नाही, हे खरं. परवा आजीनं सरळ तारच उपटली.