गाठ काढायची, पण कधी?

म्हशीच्या सडाला जरा कडकपणा जाणवला, तरी शिरोळ तालुक्यातला माणूस धार अर्धी सोडून डॉक्टरला फोन लावतो. संध्याकाळच्या रतिबाचा प्रश्न असतो. कुत्रीच्या पोटाखाली गाठ लोंबायला लागली, की मात्र ‘बघूया की’ सुरू होतं. आधी ऊस जाऊ दे, मग लग्नं उरकू देत, मग पाऊस थांबू दे. तोवर सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी होते, फुटते, माशा बसायला लागतात आणि मग घरातल्या सगळ्यांना एकदम घाई होते.

जयसिंगपुरातल्या एका घरात सध्या याच्या अगदी उलट चाललं आहे. रेल्वे स्टेशनच्या बाहेरून उचलून आणलेली कुत्री, वय सात-आठ असावं, मागच्या सडांपाशी गाठ. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढली, गाडी ठरवली आणि ‘उद्याच कापून टाका’ म्हणून डॉक्टरांपुढे उभी राहिली. डॉक्टरांनी नकार दिला. दोन आठवडे थांबा म्हणाले. पोरं चिडली. ‘कॅन्सर असला तर?’ हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. पण डॉक्टरांचं बरोबर आहे, असं माझं मत.

त्या टेबलावर काय दिसलं ते सांगतो. डॉक्टरांनी ओठ वर केला, तर हिरड्या पांढरट. कान उलटा केला, तर आत गोचीड चिकटलेले. मग तिला उताणं करून एकेक सड बोटांच्या चिमटीत घेत पुढून मागे गेले. कुत्रीला सडांच्या साधारण पाच जोड्या असतात आणि गाठी बहुतेकदा शेवटच्या दोन जोड्यांत होतात. डोळ्यांना दिसत होती ती एकच. बोटांना आणखी दोन बारक्या सापडल्या. मोठीला पट्टी लावली आणि आकडा केसपेपरवर लिहिला. हा आकडा फार महत्त्वाचा. तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ निघाली तर कुत्रीचं पुढचं आयुष्य बहुधा बरं जातं. पाचच्या वर गेली की चित्र पालटतं. घरी ‘वाढल्यासारखी वाटते’ असं म्हणत बसण्यापेक्षा दर आठवड्याला पट्टी लावावी.

मग दोन आठवडे कशासाठी? पांढरट हिरड्या आणि कानातले गोचीड म्हणजे गोचीडतापाचा संशय, आणि त्या तापात रक्तातल्या प्लेटलेट खाली जातात. तशा अवस्थेत सुरी लावली, तर गाठ निघेल आणि रक्त थांबणार नाही. सडांच्या ओळीला रक्तपुरवठा भरपूर असतो, जखमही लांबलचक होते. गोचीडतापाच्या गोळ्या साधारण चार आठवडे चालतात, पण प्लेटलेट बहुतेक वेळा त्याआधीच सावरतात, म्हणजे कोर्स संपायची वाट बघावी लागत नाही. रक्त तपासायचं, आकडे वर आले की तारीख घ्यायची. तेवढ्यात जंताचं औषध होतं, रेबीजची लस होते, पोटात चार दिवस नीट अन्न जातं. छातीचा एक्स-रेसुद्धा याच दिवसांत काढून घ्यावा, तोही एका बाजूने नव्हे तर दोन्ही कुशींवर आणि सरळ असा तिन्ही बाजूंनी. हा रोग पसरला तर जांघेतल्या लसिका गाठींत आणि फुफ्फुसांत जातो. फुफ्फुसांत ठिपके दिसले, तर मोठी शस्त्रक्रिया करून कुत्रीच्या पदरात फारसं काही पडत नाही. आणि सगळी ओळच लाल, गरम, दगडासारखी घट्ट झाली असेल, मागचा पाय सुजला असेल, तर त्या प्रकाराला बहुतेक डॉक्टर सुरी लावतच नाहीत. एक्स-रेचे पैसे वाचवून ऑपरेशनला घालणं, हा उलटा हिशेब मी बऱ्याच ठिकाणी पाहतो.

आणखी एक घोळ माजाचा. रस्त्यावरून आणलेली कुत्री माजावरून कधी उतरली, तिला पिल्लं कधी झाली, कोणाला ठाऊक? दूध भरलेलं असेल तर गाठीची कड बोटाला लागत नाही. माजानंतर दोन-तीन महिने गेले की नसबंदी सोपी जाते, हे खरं. पण त्यासाठी वाढत्या गाठीला दोन-तीन महिने द्यायचे का? माझं उत्तर नाही असंच आहे. गाठ फुटलेली असेल, अळ्या पडल्या असतील, तर वेळापत्रक आणखी आवळतं. कुत्री सावरलेली असली, तर एकाच भुलीत दोन्ही करून घ्यावं. आधी पोट उघडून नसबंदी आणि मग गाठ, म्हणजे गाठीतल्या पेशी हत्यारांबरोबर पोटात जायची भीती राहत नाही. दोन्ही बाजूंना गाठी असतील, तर एक ओळ आज आणि दुसरी काही आठवड्यांनी. कातडी शेवटी ताणून किती ताणणार?

कॅलेंडरात अजून एक गोष्ट बघायची असते, आणि ती डॉक्टरांच्या हातात नसते. टाके निघेपर्यंतचे दहा ते चौदा दिवस कुत्रीला कोरडी जागा, गळ्यात कॉलर आणि जवळ माणूस लागतं. जुलैअखेरीला कुरुंदवाड, नृसिंहवाडीकडच्या घराने तारीख घ्यावी का? २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे विचारायची गरज नाही. पाऊस हे कारण तेवढ्यापुरतं मला मान्य आहे. पक्क्या घरात, पंख्याखाली कुत्री राहणार असेल, तर पावसाळा ही नुसती सबब.

खरं तर हा सगळा खटाटोप टाळायची वेळ सात वर्षांपूर्वीच येऊन गेलेली असते. अमेरिकेतल्या श्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलेला हिशेब अजून सांगितला जातो : नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या तुलनेत पहिल्या माजाआधी केलेल्या कुत्रीला या गाठींचा धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ आणि दोन माजांनंतर २६ टक्के. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी असे सगळे अभ्यास चाळून पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं, त्यामुळे आकडे घट्ट धरून बसू नये. रोख मात्र मला पटतो. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. तिकडे लोक फक्त संख्या आणि चावे एवढंच बघतात. पोटाखालच्या गाठी त्या चर्चेत कधी येत नाहीत.

राहिली काढलेली गाठ. ती बहुतेक ठिकाणी बादलीत जाते, कारण तोवर वर्गणी संपलेली असते. कुत्रीच्या या गाठींतल्या ढोबळमानाने निम्म्या साध्या आणि निम्म्या कर्करोगाच्या निघतात. सुई घालून आधी केलेल्या तपासणीवर त्यांतला फरक खात्रीने कळत नाही. तो कळतो अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये तपासणीला पाठवल्यावर, आणि कडेपर्यंत सगळं निघालं की काही मागे राहिलं हेही त्याच कागदावर येतं. स्टेशनवरच्या कुत्रीच्या पोरांना मी एवढंच सांगितलं आहे, की गाडीभाड्यात कपात करा, पण या तपासणीचे पैसे आजच बाजूला काढून ठेवा. पुढचा एक्स-रे तीन महिन्यांनी काढायचा की निवांत राहायचं, हे त्या अहवालावरून ठरेल.